मदत हवी आहे: अर्ध्या दिवसात कोची, आई-बाबांसोबत

मंडळी, डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन मुन्नारहून परतताना कोचीत एक शुक्रवार सकाळ मिळतेय. दुपारी विमान आहे. चार-पाच तासांसाठी ड्रायव्हर आणि गाईडसह खासगी गाडी करायचा विचार आहे. आईच्या गुडघ्यांमुळे ग्रुप टूरची धावपळ नको.

अडचण अशी की शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद असतो. तिथली रामायणाची भित्तिचित्रं बघायची बाबांना फार इच्छा होती. १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी दुपारी बंद होतं, म्हणून आधी तिथे आणि मग फोर्ट कोचीला, मासेमारीची चिनी जाळी व सेंट फ्रान्सिस चर्च बघायला जावं का? की जाळी सकाळीच बघावीत? वास्को द गामाला १५२४ मध्ये याच चर्चमध्ये पुरलं होतं, त्यामुळे ते चुकवायचं नाही.

आईला चेरलाईतल्या तिरुमला देवस्वमचं दर्शनही हवंय. आमचं मूळ गोव्याचं, त्यामुळे तिथल्या कोकणी बोलणाऱ्या समाजाबद्दल तिला विशेष ओढ आहे. सकाळी मंदिर किती वाजेपर्यंत उघडं असतं?

हिंदी बोलणारा, घाई न करणारा गाईड कुणाला माहीत आहे का? दर साधारण किती, आणि पार्किंग त्यातच धरतात का? वॉटर मेट्रोने (तिथल्या बोटसेवेने) फोर्ट कोचीला जाणं ज्येष्ठांना सोयीचं पडेल का, हेही कृपया सांगा.