पोलिसांसाठी ठेवलेल्या वाटेने आणखी कोण येईल?

अनवट:
२०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ४(२) ला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, आदेश आल्यावर, एखादा संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगायचं, असा हा नियम. मजकूर उघडायला सांगत नाही, असं सरकार म्हणतं. पण आदेश कोणत्या संदेशाबद्दल येणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. मग सगळ्यांच्याच संदेशांची खूण ठेवणं आलं. एप्रिल २०२४मध्ये कंपनीच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं, एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच संदेश वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, मोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथे राहणार नाही.

अमेरिकेत १९९४च्या कायद्याने फोन कंपन्यांना पोलिसांसाठी टॅपिंगची सोय करून ठेवावी लागली. २०२४मध्ये उघड झालं की 'सॉल्ट टायफून' हा चिनी हॅकरांचा गट एटी अँड टी, व्हरायझनसारख्या कंपन्यांत शिरून त्याच यंत्रणेपर्यंत पोचला होता. त्या डिसेंबरात तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच लोकांना एन्क्रिप्टेड ॲप वापरायला सांगितलं. अशी वाट आपल्याकडे नको, हे माझं ठाम मत.

सातपुडा:
अमेरिका राहू द्या, धुळे जिल्ह्यात या. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ज्यांनी हात उचलला ते व्हिडिओत दिसले. ज्याने अफवा सोडली त्याचं काय? त्या पाच घरांना तुमची खासगीपणाची व्याख्या कशी समजावणार? आणि कमी जाचक उपाय चालत असेल तर हा आदेश काढायचा नाही, असं नियमातच लिहिलंय.

गणकयंत्र:
तांत्रिक बाजू सांगतो. पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येक संदेशाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, ठेवायचा, असा एक मार्ग सुचवला गेलाय. मजकुरात एक टिंब वाढवलं की हॅश पूर्ण बदलतो. अफवा पसरवणाऱ्याला हे सहज जमतं, अडकेल तो साधा माणूस. संदेश परदेशातून आला असेल, तर भारतात तो पहिल्यांदा पाठवणारा हाच नियमाच्या लेखी मूळ प्रेषक. म्हणजे नाशिकच्या एखाद्या आईने काळजीने घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तिच्या गळ्यात येऊ शकतो.

सातपुडा:
हॅश निरुपयोगी असेल तर दुसरं तंत्र काढा. एवढी मोठी कंपनी 'जमत नाही' म्हणते आणि आपण मान डोलावतो, हे मला पटत नाही. लहान मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ फिरवणारे याच भिंतीआड बसतात.

अनवट:
तो गुन्हा मीही हलका मानत नाही. पण अफवा ज्याच्या फोनवर आली, त्यात ती पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो. सिम कुणाच्या नावावर आहे ते दूरसंचार कंपनी सांगते. तिथून एकेक फोन मागे जाता येतं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. त्यासाठी कुणाचा संदेश उघडावा लागला नाही. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांना माणसं आणि साधनं द्या, ही मागणी मी तुमच्या बरोबरीने करेन.

सातपुडा:
मागणी करू. पण एकेक फोन मागे जाताना मधल्या एकाने चॅट पुसलं, की तपास तिथेच थांबतो. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.