म्युनिक: आई-बाबांना काय दाखवू? (संग्रहालयं, नाटक, ऑपेरा)

ऊल्मकर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आई-बाबा सांगलीहून येत आहेत. मी ऊल्मला शिकते, पण शनिवार ते मंगळवार म्युनिकला राहायचं ठरवलंय. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, आई हौसेनं नाट्यसंगीत गाते. तिचे गुडघे दुखतात. तिकिटांचं बजेट तिघांत मिळून १२० युरो, त्यावर एक छदामही नाही. काय बघू, काय सोडू?

बव्हेरियन_भाऊ:
आई-बाबा पुन्हा पुन्हा येत नाहीत. नॅशनलथिएटरात, म्हणजे तिथल्या ऑपेरागृहात, पार्केटमधली (रंगमंचासमोर तळमजल्यावरची) मधली रांग घ्या. आम्ही माणशी दीडशेच्या वर मोजले. सासूबाई पहिल्याच अंकात झोपल्या, ती गोष्ट वेगळी.

ऊल्मकर:
दादा, बजेट वाचलंत का?

चकलीताई:
चित्रं बघायची तर रविवारी आल्टे पिनाकोथेक, पिनाकोथेक देअर मॉडर्ने आणि ब्रांडहोर्स्टला एक युरो तिकीट असतं. आल्टेत जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०० सालचं आत्मचित्र चुकवू नका. समोर उभं राहिलं की तोच आपल्याला न्याहाळतोय असं वाटतं. फर कॉलरवरची बोटं जवळून बघा.

मी_पुन्हा_येईन:
सोमवारी पिनाकोथेक बंद, लेनबाखहाऊस हे दुसरं चित्रसंग्रहालयही बंद. आम्ही सोमवारीच गेलो होतो. पोरांना बंद दाराचे फोटो दाखवतो आता.

शुद्धलेखन_मास्तर:
'पिनाकोथेक' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ चित्रशाळा. तेव्हा 'पिनाकोथेक म्युझियम' म्हणू नये.

चकलीताई:
कोण म्हणालं?

टेकडीवरचा:
नॉयं पिनाकोथेकला जाऊ नका, २०१८ च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. तिथली निवडक चित्रं आल्टेत मांडलीत. आणि हो, रविवारी एक युरो!

मी_पुन्हा_येईन:
रविवारी एक युरो +१. पण मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. लॉकरला नाणं लागतं, माझ्याकडे नेमकं नव्हतं. पाऊण तास गेला, त्यात बायकोशी भांडण.

नाटकवेडी_पुणे:
काकूंना काम्मरश्पीलं नाट्यगृहात न्या. अनेक प्रयोगांना इंग्रजी सरटायटल्स (रंगमंचाच्या वर दिसणारा अनुवाद) असतात, आधी वेळापत्रकात तपासा. मी न तपासता गेले आणि तीन तास जर्मन ऐकलं. अभिनय उत्तम होता असं वाटलं.

सांगलीचा_वाघ:
सांगलीकरांना नाटक काय दाखवता? आमच्याकडे १८४३ मध्ये भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं!

शुद्धलेखन_मास्तर:
नॅशनलथिएटर १८१८ चं आहे.

सांगलीचा_वाघ:
आणि १८२३ मध्ये जळलं. १९४३ मध्ये बॉम्बनं पडलं, पुन्हा उघडलं १९६३ ला. आमचं काही जळलं नाही.

बव्हेरियन_भाऊ:
वागनरचा 'ट्रिस्टन' ऑपेरा पहिल्यांदा तिथंच झाला, १८६५ मध्ये. मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. वन्समोअर तर विसराच.

आयझरकाठ:
बाबांसाठी डॉइचेस म्युझियम, विज्ञान-तंत्रज्ञानाचं, नदीतल्या बेटावर. ते सोमवारीही उघडं असतं! अर्धं नूतनीकरणासाठी बंद आहे, पण लिलिएंथालचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) आणि राईट बंधूंचं विमान दिसेल. वाद्यांचं दालन आईंना आवडेल. ऑपेरासाठी उभं राहायची तिकिटं स्वस्त, पण गुडघे म्हणता तर नको. मग पार्टिटूरप्लाट्झ शोधा. बसायला खुर्ची, पुढ्यात टेबल आणि छोटा दिवा, म्हणजे स्वरलिपी वाचत ऐकता येतं. रंगमंच जवळजवळ दिसत नाही. मला पंधरा युरोच्या आत मिळालं होतं.

बव्हेरियन_भाऊ:
दिसत नसेल तर जायचं कशाला? घरी यूट्यूब लावा. त्यापेक्षा सगळा खर्च नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्यावर करा.

नाटकवेडी_पुणे:
+१. आईंना काहीही दिसणार नाही, फार वाईट वाटेल त्यांना.

मी_पुन्हा_येईन:
वेळेवर जा. पाच मिनिटं उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर उभं करतात. कसं माहीत, विचारू नका.

ऊल्मकर:
सगळ्यांचे आभार. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रेडिओवर गाणं ऐकलं तेव्हा कोण दिसत होतं?" पार्टिटूरप्लाट्झची दोनच तिकिटं मिळाली, ती आम्हा दोघींना. मोझार्ट आहे. बाबा म्हणाले ऑपेरा तुमचा, मला विमानं. नाटक आणि किल्ला रद्द.

ऊल्मकर (तीन आठवड्यांनी):
जाऊन आलो. आईनं पदर खोचून टेबलावर बोटानं ताल धरला, तेव्हा मीच घाबरले. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली स्वरलिपीची वही तिच्या बाजूला सरकवली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पान उलटायची वेळ येताच आजोबा तिच्याकडे बघून मान हलवायचे, मग पान तीच उलटायची. बाबांनी राईट बंधूंच्या विमानाखाली दीड तास काढला. त्याच्या पंख्यांची साखळी चढवायची पद्धत चुकीची आहे म्हणतात. उरलेले ५८ युरो बाबांनी ठेवून घेतलेत.

मी_पुन्हा_येईन:
लॉकरला नाणं होतं का?