मदत हवी आहे: एक्समथची सहल, कॅम्पर ट्रेलर आणि दुपारचा वारा

स्वानकाठी:

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून उत्तरेकडे निघून जेराल्डटन, कालबारी, डेनम, कोरल बे करत एक्समथ गाठायचा बेत आहे. नवरा, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. ते दोघं केबिनमध्ये झोपतील, पण "एक रात्र तरी तंबूत" असा सासऱ्यांचा हट्ट आहे.

गाडीमागे ओढायचा कॅम्पर ट्रेलर सेकंडहँड आहे. मागच्या बाजूला उलगडणारा, हार्ड फ्लोरचा, वर कॅनव्हासचा तंबू आणि डाव्या बाजूला ऑनिंग, म्हणजे खांबांवर ताणायचं कापडी छत. सामान भरून दीड टनाच्या आसपास जातो.

प्रश्न वाऱ्याचा आहे. गेल्या उन्हाळ्यात सर्व्हँटिसला किनाऱ्याजवळ मुक्काम होता. सकाळी पान हलत नव्हतं. दुपारी एकनंतर नैऋत्येकडून जो वारा सुटला तो अंधार पडेपर्यंत थांबला नाही. पर्थमध्ये या वाऱ्याला 'फ्रीमॅन्टल डॉक्टर' म्हणून सगळे दुवा देतात, तिथे मात्र ऑनिंगचं छत फुगून वर उचललं गेलं, त्याखालचा खांब सुटून चुलीवर पडला आणि छत खाली आलं तेव्हा दुसरा खांब जोडापाशी वाकला. वाळूतल्या खुंट्या दोऱ्यांसकट बाहेर. तंबूला स्वतःला काही झालं नाही, हे विशेष.

आता जाणकारांनी सांगावं: हायवेवर आडव्या वाऱ्यात ट्रेलर कितपत सांभाळतो? तळावर त्याचं तोंड कुठे करायचं? वाळूत काय ठोकायचं आणि कोरल बेच्या पुढे चुनखडकात काय? आणि अंदाजात कुठला आकडा दिसला की गाशा गुंडाळायचा? कंपनीच्या पुस्तिकेत "जोराच्या वाऱ्यात वापरू नये" एवढंच लिहिलंय. जोराचा म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आगाऊ धन्यवाद.

गच्चीवरचा_बोका:

सहा जणांना केबिन घ्या. सासरे खूश, खांब सरळ. (पळतो आता.)

लाल_माती:

स्वानकाठीताई, बोक्याकडे लक्ष देऊ नका. तुमच्या धाग्यात निम्मं उत्तर आहेच: तंबू टिकला, ऑनिंग गेलं. माझं तेच म्हणणं आहे. कॅम्पर ट्रेलर वाऱ्याला घाबरत नाही, ऑनिंग घाबरतं. त्या किनाऱ्यावर ऑनिंग ही सकाळची चैन समजा. दुपारच्या जेवणाची भांडी घासून झाली की गुंडाळून टाका.

थोडं गणित. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ऑनिंगची एक भिंत 4 मीटर लांब, 2 मीटर उंच धरा. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण 35 किलोचा रेटा येतो. ताशी 60 ला तो 70 नाही, 140 किलो होतो. आता हवामान खात्याचा अंदाज बघा. त्यातला वेग हा 10 मिनिटांची सरासरी असतो, तोही जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा. झोत, म्हणजे मधूनच येणारे जोराचे झटके, त्याहून 40 टक्के जास्त असू शकतात, हे खातंच सांगतं. म्हणजे अंदाजात 45 दिसलं तर खांबाला 60 च्या वर सोसायची तयारी हवी. म्हणून सरासरीकडे न बघता झोतांचा आकडा शोधा. माझी रेघ अशी: झोत 40 च्या पुढे जाणार असतील तर भिंती लावायच्या नाहीत, 50 च्या पुढे छतही नाही. तंबूला 60 पर्यंत मी निवांत झोपू देतो. त्यापुढे कॅनव्हास किती जुनं, शिवण कशी, यावर आहे. शंका आली तर ट्रेलर मिटवून गाडीत बसावं, लाज वाटून घेऊ नये.

तुमचा खांब पडला त्याचं कारण सरळ आहे. वारा खालून शिरला की छत वर जातं, खांबावरचा भार सुटतो आणि तो निसटतो. खांबाच्या टोकावरच्या खिळ्याला दोरी अडकवून खाली ताणली तर छत उचललं तरी खांब जागेवर राहतो. कोपऱ्याला एक नाही, दोन दोऱ्या लावा, दोन वेगळ्या दिशांना. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, म्हणजे दोरी तिला काटकोनात ओढते. उभी ठोकलेली खुंटी वाळूत नुसती उपटून येते.

वाळूत बारीक खुंटी म्हणजे फुकटची मेहनत. रुंद पात्याच्या लांब खुंट्या किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हरने फिरवत घालायच्या स्क्रू खुंट्या घ्या. काहीच नसेल तर पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि गुडघाभर खड्ड्यात आडवी पुरा. एक्समथकडे वरच्या थराखाली चुनखडक लागतो, तिथे स्क्रू जात नाही. जाड पोलादी खुंटी आणि मोठा हातोडा, दुसरा इलाज नाही. आणखी एक भक्कम खुंटी तुमच्याकडे आहेच: दोन टनांची गाडी. ऑनिंगची एक बाजू तिच्या रूफ रॅकला बांधा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी कुणी तरी फेरी मारून दोऱ्या बघा म्हणजे झालं.

स्वानकाठी:

लाल_माती, हे छापूनच घेते. पण मग तोंड? सकाळी पूर्वेकडून वारा असतो आणि दुपारी दक्षिण-नैऋत्येकडून. दिवसातून दोनदा ट्रेलर तर फिरवता येत नाही.

लाल_माती:

दुपारचा वारा दांडगा, म्हणून मान त्याला द्यायचा. ट्रेलरची दांडी (गाडीला जोडायची पुढची बाजू) दक्षिणेकडे करा. तुमचा तंबू मागे उलगडतो, म्हणजे वाऱ्याकडे पेटीची आणि पलंगाची उतरती बाजू येते, दार आडोशाला जातं. ऑनिंग डावीकडे म्हणजे पूर्वेला येईल, दुपारी बरंचसं वाऱ्यात सापडणार नाही. राहिला सकाळचा पूर्वेचा वारा. त्यासाठी गाडी ऑनिंगच्या पलीकडे समांतर उभी करा.

कॅराव्हान पार्कमध्ये जागेची दिशा आपल्या हातात नसते. बुकिंग करतानाच सांगा की किनाऱ्याच्या पहिल्या रांगेतली जागा नको, कुंपणामागची किंवा झाडीमागची द्या. समुद्र दिसत नाही, झोप मिळते. वाळूच्या टेकडीच्या अगदी पायथ्याशीही नको, वरची वाळू रात्रभर अंगावर येत राहते.

मांडववाला_सांगली:

मी ऑस्ट्रेलिया पाहिलेली नाही, पण तीस-पस्तीस फुटी मांडव घालणं हा घरचा धंदा. आमच्याकडे फ्लेक्सला अर्धचंद्राच्या फटी पाडतात, नाही तर वळवाच्या वाऱ्यात कमानीसकट शीड होऊन जातं. तुमच्या त्या भिंतींना फटी पाडता येत नाहीत का? शिवाय छत सपाट ठेवू नका, एका अंगाला उतार द्या.

लाल_माती:

मांडववाले, अगदी बरोबर. महागडं कॅनव्हास कापायला कुणाची छाती होत नाही, पण त्याऐवजी शेड क्लॉथची भिंत मिळते. हिरवी किंवा काळी जाळी, आपल्या रोपवाटिकांत असते तसलीच. तिच्यातून वारा गाळून येतो, म्हणून ती ओढत नाही. ऊनही अडतं. उतार वाऱ्याच्या बाजूला द्यायचा, म्हणजे वारा छताखाली न शिरता वरून निघून जातो.

हायवे_नंबर_1:

उशिरा आलो. वाटेतल्या वाऱ्याबद्दल कुणी बोललेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. मी या रस्त्याने ट्रक चालवतो.

उंच कॅराव्हानच्या मानाने मिटलेला कॅम्पर बुटका असतो, आडव्या वाऱ्याला त्याची बाजू कमी लागते. तरी डोलतो, आणि तो बहुतेक वेळा सामान चुकीचं भरल्यामुळे. जड वस्तू चाकांच्या आसपास हव्यात. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे, एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार यायला हवा, दीड टनाला 150 किलो. मागे सायकली, मागेच जेरीकॅन आणि पुढे हलकी अंथरुणं असं भरलं की शेपूट हलवायला लागतो. डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडीतल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. ते बटण कुठे आहे ते पर्थमध्येच शोधून ठेवा.

वारा दक्षिणेचा, तुम्ही उत्तरेला. जाताना पाठीशी आहे, काही जाणवणार नाही. त्रास दोन ठिकाणी. ओव्हरलँडर रोडहाऊसपासून डेनमकडे वळलात की रस्ता पश्चिमेकडे जातो आणि तोच वारा बाजूने येतो. तिथे दुपारी नको, सकाळी लवकर जा. दुसरा त्रास परतीचा: सगळा वारा तोंडावर, डिझेल जास्त लागतं. जाताना किती लागलं त्या हिशेबाने येताना पंप चुकवू नका.

इथे ट्रेलर ओढताना मर्यादा 100 ची आहे, वाऱ्यात 85-90 पुरे. समोरून रोड ट्रेन (मागे अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) आली की आधी हवेचा धक्का बसतो आणि ती पुढे गेली की खेच. 36 मीटरच्या गाडीला ते संपायला वेळ लागतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, उगाच झटका देऊन सावरायला जाऊ नका.

जेराल्डटनच्या अलीकडे ग्रेनफला रस्त्यालगतच्या शेतांत उत्तरेकडे आडवी झालेली झाडं दिसतील. खोड जमिनीला जवळजवळ टेकलेलं आणि फांद्या हिरव्यागार. सासऱ्यांना फोटोसाठी थांबवा. वाऱ्याबद्दल त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

कोकणी_इन_परदेश:

एक जोड देतो. वारा लागतो म्हणून ऑनिंगच्या भिंती बंद करून आत गॅस पेटवू नका. मुलं थंडीने कुडकुडली की मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक बाजू पूर्ण उघडी ठेवा, नाही तर त्या दिवशी ब्रेड-बटर खा.

आणि हो, सप्टेंबरात चक्रीवादळाची भीती नाही, तो मोसम 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल. एप्रिलच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र बघून जावं. एप्रिल 2021 मध्ये सेरोजा कालबारीवर आलं तेव्हा झोत ताशी 170 च्या घरात होते, पक्क्या घरांची छपरं गेली. तिथे खुंटीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

स्वानकाठी:

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: शेड क्लॉथच्या दोन भिंती, कोपऱ्यांना दुहेरी दोऱ्या, स्क्रू खुंट्या अधिक काही पोलादी, आणि जागा मागच्या रांगेतली. सायकली घरीच. नवऱ्याला कंट्रोलरचं बटण विचारलं, तर म्हणाला "कुठलं बटण?" आता शनिवारी मोकळ्या रस्त्यावर सराव.

एक शेवटचं. रात्री कॅनव्हास इतकं फडफडतं की मुलं उठतात. त्यावर काही?

लाल_माती:

फडफडतं ते सैल कापड. संध्याकाळी एकदा फिरून सगळे आडवे दांडे आणि दोऱ्या परत ताणा. उन्हात ताणलेली दोरी रात्री तशीच असेल असं धरू नका. लोंबणारे पट्टे आणि खिडक्यांच्या झडपा गुंडाळून बांधा, अर्धा आवाज त्यांचाच असतो. वाऱ्याकडच्या खिडक्या पूर्ण बंद आणि आडोशाकडची थोडी उघडी, म्हणजे आत हवा कोंडत नाही. ऑनिंग तर तोवर पिशवीत गेलेलंच असेल. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या बॅटऱ्या दोन घ्या. स्क्रू खुंट्या काढायलाही तोच लागतो आणि निघायच्या दिवशी सकाळी नेमकी बॅटरी उतरलेली असते.