सर्फ रॉकमध्ये रिदम गिटारवाल्यानं वाजवायचं काय?

प्रश्न (भुसावळ):
आमच्या बँडला गायक नाही, म्हणून सर्फ रॉक, म्हणजे गिटारवर धून वाजवायचं रॉक संगीत, करतो. व्हेंचर्स या अमेरिकन बँडचं १९६० सालचं ‘वॉक, डोन्ट रन’ बसवतोय. धून (लीड) मित्राकडे, रिदम म्हणजे कॉर्डची साथ माझ्याकडे. ए मायनर, जी, एफ, ई असे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सलग वरखाली वाजवतो, पण धून दबते. काय करू?

उत्तर (जळगाव):
भाऊ, आवाज कमी करू नका, तारांचा नाद दाबा. व्हेंचर्सच्या डॉन विल्सनचा रिदम नीट ऐका. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवायची, कॉर्ड वाजला की लगेच गप्प करायचा. तिथे गिटार अर्धा ड्रमच होतो. आपल्याकडे वरातीत बेंजो धून धरतो आणि ढोलकी त्याला जागा सोडते ना, अगदी तसं. ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार’ असं मोजा; ड्रमवाल्याचा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दोनवर, लगेच पुढच्या ‘आणि’वर आणि मग चारवर पडतो. तुमचा ठोका त्याला चिकटला पाहिजे. मला तर या संगीतात लीडपेक्षा हेच काम मोठं वाटतं.

स्प्रिंग रिव्हर्ब (अ‍ॅम्प्लिफायरमधला घुमारा) लीडला द्या, तुम्ही कोरडेच, म्हणजे घुमाऱ्याशिवाय, राहा. दोघंही ओले झाले की सगळा चिखल.

उत्तर (धुळे):
शॅडोज या ब्रिटिश बँडचं ‘अपाची’ पण ऐका दादा, तेही १९६० चंच. हँक मार्विनच्या इलेक्ट्रिकखाली ब्रूस वेल्च अकूस्टिक वाजवतो, म्हणून दोन्ही वेगळे ऐकू येतात.

प्रश्नकर्ता:
आणि सर्फ गिटारवाल्या डिक डेलसारखा पिक (तार छेडायची पट्टी) भरभर वरखाली?

उत्तर (जळगाव):
त्याच्या ‘मिसिरलू’ या वादनातला? तिथे तो धूनच वाजवतो, एकाच तारेवर. रिदममध्ये ते नको. आधी मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून नुसते डाउनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली मारायचे ठोके, पक्के करा.