२१४७४८३६४७ : हा आकडा तुम्हाला कुठे भेटला?

सुरुवात मीच करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून सगळ्या रकमा पैशांत साठवल्या. दिवाळीच्या तोंडावर मॅनेजरांचा फोन, "अहो, रोजकीर्द उणे दोन कोटी दाखवतेय!" प्रोग्रॅम प्रत्येक रक्कम ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ खणांत ठेवायचा. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो. उरलेल्या ३१ मध्ये जास्तीत जास्त मावतात २१४७४८३६४७ पैसे, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. त्यावर एक पैसा जरी पडला तरी थेट उणे २,१४,७४,८३६.४८. रात्र जागून बदललं. चूक माझीच.

ठाणे : लहानपणी एका गेममध्ये नाणी याच आकड्यावर अडायची. दादा म्हणायचा, "बँक भरली." मला ते पटलंही होतं.

सातारा, निवृत्त गणित शिक्षक : तुमची रात्र गेली, माझी अख्खी उन्हाळी सुट्टी. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि ती मूळ संख्या आहे. स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये ते दाखवलं तेव्हा त्याला जवळजवळ दिसेनासं झालं होतं! खरं तर ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. पण मूळ भाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून १ उरला पाहिजे, शिवाय ८ ने भागून १ किंवा ७. ही चाळणी लावा. पहिला उमेदवार ३११, त्यानंतर एकदम १३०३! मधलं सगळं गळून जातं. ३११ ने भागलं, बाकी ३५. तिथून जे वेड लागलं ते जून उजाडेपर्यंत.

पुणे : गृहकर्जाचा शेवटचा हप्ता जून २०४१ चा. एका जुन्या प्रोग्रॅमने छापलं १९०५. १९७० पासूनचे सेकंद मोजणारं ३२ बिटांचं घड्याळ आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ वाजता याच आकड्याला टेकतं आणि पुढच्या सेकंदाला १९०१ च्या डिसेंबरात उडी मारतं. बायको म्हणाली, "बरं झालं, टिळकांच्या काळातच फिटलं."

नागपूर : भाचीला परिपूर्ण संख्या शिकवत होतो. ६ चे स्वतःला सोडून भाजक १, २, ३, बेरीज परत ६. मग २८, ४९६. आठवी याच आकड्यातून येते, त्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८. तिने एकक-दशक म्हणत बोट फिरवलं, कोटीपर्यंत पोचली आणि वही मिटली. बार्लो नावाच्या इंग्रज गणितीने १८११ मध्ये लिहिलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणारच नाही. १८७६ मध्ये सापडली.

ठाणे : सर, १३०३ ने करून पाहिलं. बाकी २२६ आली. बरोबर?

सातारा : बरोबर. आता १४८९ घ्या.

ठाणे : १९९. चहा उतू गेला.