गढीचा मातीचा तट नांगराखाली जातोय. तुमचं मत काय?

खटावची माती
आमच्या खटाव-माण पट्ट्यात एका गावाशेजारच्या टेकाडावर जुनी गढी आहे. गावाचं नाव देत नाही, कारण वाद गावाशी नाही. वरचे चिरे घरांच्या जोत्यांत केव्हाच गेले. उरला होता तो मातीचा तट, पुरुषभर उंचीचा, आणि बाहेरून खंदक. यंदा ज्वारी निघाल्यावर जेसीबी लावून तटाची एक बाजू खंदकात लोटली आणि रान एकसारखं केलं.

'मातीचा ढीग तर होता' हे ऐकून जीव तुटतो. गढी म्हणजे तीच माती. खंदक खणायचा आणि निघालेली माती आतल्या अंगाला रचून चोपायची, असा हा तट उभा राहतो. त्याच्या बुडाशी दबलेली जमीन तटाच्या आधीची असते. तिथं मिळणारं खापर, राख, जळकं धान्य यावरून गढी केव्हाची ते ठरतं. सगळं कालवलं की खापर हाती येईल, पण ते कुठल्या थरातलं हे कायमचं गेलं. दगडी बुरुजाचे चिरे पुन्हा रचता येतात, मातीचे थर नाही.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. साताऱ्याचा प्रतापगड त्यात आहे, आनंद आहे. पण शिरवळचा सुभानमंगळ? 1648 मध्ये फत्तेखानाच्या स्वारीत स्वराज्याची अगदी सुरुवातीची लढाई जिथं झाली, तो नीराकाठचा भुईकोट आज शोधत फिरावं लागतं. आमच्या गढीचंही तेच होणार. तट आणि खंदक एवढी पट्टी तरी नांगरातून वगळावी, असं माझं ठाम मत आहे.

माणदेशी शेतकरी
माझं रान असल्याच एका टेकाडाला लागून हाय, म्हणून बोलतो. सातबारा आमच्या नावावर. इतकी वर्षं तिथं कुसळाशिवाय काय उगवत नव्हतं, तवा कुणी विचारलं न्हाई. आता उरमोडी धरणाचं पाणी आलं, तर दहा गुंठं वाढवू नको म्हणताय? पोटखराबा, म्हंजे सातबाऱ्यावर लागवडीलायक न्हाई म्हणून लिहिलेली जमीन, लागवडीखाली आणला तर सरकार तशी नोंद घेतं. आणि पांढरीची, म्हंजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती आज्याच्या काळापासनं गाड्या भरून रानात टाकतोय, पीक जोमदार येतं.
अजून एक. बुजवलेल्या खंदकावर शाळू, म्हंजे रब्बीची ज्वारी, शेवटपर्यंत हिरवा राहतो, तटाच्या जागेवरचा आधी वाळतो. म्हंजे गावातली सगळ्यात चांगली ओल तिथंच हाय. ती सोडा म्हणणं सोपं हाय.

कऱ्हाडकर
कायद्याचं सांगतो. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 19 प्रमाणे संरक्षित क्षेत्रात मालकालाही परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. मात्र एक फुटापेक्षा जास्त खणावं लागत नसेल तर शेतीला मुभा आहे. बैलाच्या नांगराला त्यानं अडत नाही. पलटी नांगर आणि जेसीबीला अडतं. पण हे लागू व्हायला ती जागा आधी संरक्षित म्हणून जाहीर व्हावी लागते. गावोगावच्या गढ्या बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत.

विट्याहून
धागाकर्त्याशी मी पूर्ण असहमत. आमच्या सांगलीतला बाणूरगड, म्हणजे भूपाळगड, बघा. 1679 मध्ये दिलेरखानानं घेतला तो. आज गडावरच गाव आहे, बहिर्जी नाईकांची समाधी त्याच लोकांनी जपली. माणसं राहिली म्हणून गडाची आठवण राहिली. तुम्ही पट्ट्या आखून कुंपण घालाल, दोन वर्षांत तिथं बाभळी माजतील आणि मुळं तट फोडतील. वापरातली जमीनच टिकते.

खटावची माती
@विट्याहून माणसं हटवा असं मी कुठं म्हटलं? शेळ्या चरू द्या, गवत कापून न्या, बाभूळ वाढणार नाही. फक्त लोखंड घालू नका. बाणूरगडाची आठवण समाधीमुळे आहे, आमच्या गढीला तीही नाही. तिचा कागद नाही, शिलालेख नाही. जे काय सांगायचं ते ती माती सांगणार.

@माणदेशी शेतकरी तुमच्या शाळूची गोष्ट फार मोलाची आहे. हिरवं कुठं राहतं आणि आधी कुठं वाळतं, एवढ्यावर वरून ड्रोननं अख्ख्या गढीचा नकाशा काढता येईल, खड्डा न खणता. हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं? पांढरीच्या मातीचं मात्र पटत नाही. ती कसदार आहे कारण तीत शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं आहेत. गाडी भरली की तेवढी वस्ती उचलली. शेणखताला दुसरी सोय आहे, हिला नाही.

माणदेशी शेतकरी
ड्रोन फिरवा, शाळू हुरड्यावर आला की या, मी रान दावतो. पण पट्टी सोडायची तर त्या गुंठ्यांचं पीक कोण भरून देणार, ते आधी लिहून पाहिजे. नुसत्या ग्रामसभेतल्या टाळ्यांवर न्हाई.

विट्याहून
पैसे मिळतात म्हटल्यावर उद्या प्रत्येक बांध हा तट ठरेल.

खटावची माती
म्हणून मोजणी आधी, पैसे नंतर. नकाशात जेवढा खंदक आणि तट दिसेल तेवढीच पट्टी, उताऱ्यावर पोटखराबा म्हणून, आणि मोबदल्याचा ठराव ग्रामपंचायतीचा. @कऱ्हाडकर, अशा ठरावाचा मसुदा करून द्याल का? पुढच्या ग्रामसभेत मी मांडतो.