पॅट्रिक गिलमोर यांचा बॉस्टन महोत्सव: संगीत की संख्येचा देखावा?

चर्चाप्रस्ताव:
आयर्लंडच्या गॅल्वे परगण्यातले पॅट्रिक गिलमोर १८४९ मध्ये, दुष्काळाने तिकडची गावे ओस पडत असताना, बॉस्टनला आले. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये स्थलांतरितांच्या आणि कॅथलिकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पक्षाने १८५४ मध्ये गव्हर्नरपद व जवळजवळ संपूर्ण विधिमंडळ जिंकले, तिथेच या कॅथलिक कॉर्नेटवादकाने (कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य) स्वतःचा बँड उभारला, अमेरिकेच्या यादवी युद्धात तो २४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटबरोबर नेला आणि जून १८६९ मध्ये सुमारे दहा हजार गायक व हजार वादक एका छताखाली आणून राष्ट्रीय शांतता महोत्सव घडवला. इतक्या माणसांना एका तालावर आणणे हेच माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम होय.

प्रतिसाद (असहमत):
आकडा वाढला म्हणून गाणे मोठे होत नाही. इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरातील ऐरणींच्या समूहगीताला लाल सदरे घातलेले शंभर अग्निशामक खऱ्या ऐरणींवर हातोडे मारत होते, बाहेर तोफा डागल्या जात होत्या, स्वरांकडे कोणाचे लक्ष राहणार? बॉस्टनचे समीक्षक जॉन सलिव्हन ड्वाइट यांनी या योजनेला आधीपासून विरोध केला, तो केवळ उच्चभ्रूंच्या अहंकारापोटी होता असे मला वाटत नाही. १८७२ मध्ये गायक वीस हजारांवर नेले, व्हिएन्नाचे प्रसिद्ध वॉल्ट्झ-संगीतकार धाकटे योहान श्ट्राउस यांनाही बोलावले, तरी दुसरा महोत्सव तोट्यात गेला.

प्रस्तावकाचे उत्तर:
तोफांविषयीचा आक्षेप मान्य आहे. पण हे गायक आले कुठून? न्यू इंग्लंडच्या लहानमोठ्या गावांतल्या गायनमंडळ्यांनी महिनोन्‌महिने आपापल्या गावी तालमी केल्या, म्हणून ते उभे राहिले. शिवाय १८७२ च्या त्याच व्यासपीठावर फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय गायक गायले, ज्यांतील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मले होते. हे तोट्याच्या खात्यात कसे मांडणार?

आणखी एक प्रतिसाद:
दोघेही महोत्सवांतच अडकला आहात. १८७३ मध्ये गिलमोर न्यूयॉर्कला गेले, २२ व्या रेजिमेंटचा बँड त्यांनी हाती घेतला, पितळी वाद्यांच्या जोडीला क्लॅरिनेटसारख्या वाद्यांना भरपूर जागा दिली आणि १८७८ मध्ये तो बँड युरोपात नेला. वर्षानुवर्षे रोज घासूनपुसून तयार केलेला तो नाद मला दहा हजार कंठांहून मोलाचा वाटतो. २४ सप्टेंबर १८९२ रोजी सेंट लुईसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते बँड घेऊन तिथल्या प्रदर्शनात वाजवायलाच गेले होते.